एका टोपीने बदलणारा अर्थ : फ्रेंच भाषेतील ‘असता’ची गोष्ट

समजा, एकोणिसाव्या शतकातील एखाद्या फ्रेंच कादंबरीचे पान समोर आहे. एका वाक्यात म्हटले आहे, की त्याने पत्रावर सही केल्यावर दिवा मालवला. पुढच्या परिच्छेदात जवळजवळ तेच शब्द पुन्हा येतात; पण तेथे अर्थ असा, की त्याने पत्रावर सही केली असती. पहिल्या वाक्यात सही झाली आहे, दुसऱ्यात झालेली नाही. छापील पानावर मात्र दोन्ही ठिकाणच्या साहाय्यक क्रियापदात एकच फरक दिसतो. तीन अक्षरांच्या त्या शब्दातील मधल्या अक्षरावर एका ठिकाणी टोपीसारखे लहानसे चिन्ह आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. उच्चार दोन्हींचा अगदी सारखा. घटना घडली की घडली नाही, हे सांगण्याचा सारा भार त्या टोपीवर असतो.

फ्रेंच व्याकरणात या टोपीवाल्या रूपाचे नाव ‘प्ल्यूस्कपार्फे द्यू स्यूब्झोंक्तिफ’ असे आहे. शिकणारे बहुतेक जण ते तक्त्यात एकदा पाहतात आणि ‘आता कोणी वापरत नाही’ असे ऐकून पुढे जातात. बोलण्याच्या बाबतीत ते खरेही आहे. पण जुने फ्रेंच वाचायचे किंवा त्याचे भाषांतर करायचे असेल, तर ते पुरेसे नाही. मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे रूप आधुनिक फ्रेंचला जितके परके वाटू लागले आहे, तितके ते मराठीला परके नाही.

नावाचा अर्थ

‘पार्फे’ म्हणजे परिपूर्ण, अर्थात पूर्ण झालेले. ‘प्ल्यूस्कपार्फे’ म्हणजे पूर्णाहूनही अधिक पूर्ण, म्हणजेच भूतकाळातील एखाद्या घटनेच्या आधीच होऊन गेलेले. ‘तो आला, तेव्हा गाडी गेली होती’ या वाक्यातील ‘गेली होती’ हे साध्या प्ल्यूस्कपार्फेचे मराठी उदाहरण ठरेल. पोर्तुगीज व्याकरणातही या काळाचे नाव शब्दशः असेच, ‘पूर्णाहून अधिक’ असे आहे. दोन्ही भाषांनी ते लॅटिन व्याकरण-परंपरेतून घेतले आहे.

नावाचा दुसरा भाग म्हणजे सब्जंक्टिव्ह. मराठी व्याकरण क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानते. यांपैकी कोणताही एक फ्रेंच सब्जंक्टिव्हशी तंतोतंत जुळत नाही. काही वेळा तो विध्यर्थाजवळ येतो, तर काही वेळा संकेतार्थाजवळ. बोलणारा एखादी गोष्ट घडलेली वस्तुस्थिती म्हणून मांडत असेल, तर फ्रेंचमध्ये साधे क्रियारूप येते. तीच गोष्ट इच्छा, शंका, भीती, खेद किंवा कल्पना यांच्या माध्यमातून सांगितली जात असेल, तर सब्जंक्टिव्ह येतो. ही मनोवस्था आणि ‘भूतकाळाच्याही आधी’ ही काळाची कल्पना एकत्र आली, की आपले रूप तयार होते.

रूप कसे घडते

याची घडण दोन तुकड्यांची आहे. पहिला तुकडा म्हणजे ‘आव्वार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) या साहाय्यक क्रियापदाचे सब्जंक्टिव्हमधील अपूर्ण भूतकाळी रूप. दुसरा तुकडा म्हणजे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित.

‘आव्वार’ची रूपे अशी होतात : मी – यूस, तू – यूस, तो किंवा ती – यू, आम्ही – यूस्यों, तुम्ही – यूस्ये, ते किंवा त्या – यूस. ‘एत्र’ची रूपेही याच वळणाची आहेत : मी – फ्यूस, तू – फ्यूस, तो किंवा ती – फ्यू, आम्ही – फ्यूस्यों, तुम्ही – फ्यूस्ये, ते किंवा त्या – फ्यूस. येथे ‘यू’ असा लिहिलेला स्वर मराठीत नाही. ओठ ‘ऊ’साठी गोल करावेत आणि जिभेने ‘ई’ म्हणावे, म्हणजे तो साधतो. दोन्ही यादींत टोपी फक्त एकाच ठिकाणी येते, ती म्हणजे तृतीय पुरुषी एकवचनात. कथनात ‘तो’ आणि ‘ती’ यांचाच वावर सर्वाधिक असल्यामुळे वाचकाला हे रूपच सर्वांत जास्त वेळा भेटते.

या साहाय्यकापुढे धातुसाधित ठेवले, की काम झाले. बोलणे या अर्थाचे ‘पार्ले’, संपवणे या अर्थाचे ‘फिनी’, पाहणे या अर्थाचे ‘व्यू’ ही ‘आव्वार’बरोबर येतात. म्हणून ‘इल यू पार्ले’ म्हणजे ‘तो बोलला असता’. येणे या अर्थाचे ‘वन्यू’ आणि निघणे या अर्थाचे ‘पार्ती’ ही ‘एत्र’बरोबर येतात. म्हणून ‘इल फ्यू वन्यू’ म्हणजे ‘तो आला असता’. कोणते साहाय्यक घ्यायचे, याचा वेगळा नियम पाठ करावा लागत नाही. रोजच्या संयुक्त भूतकाळात जे लागते, तेच येथेही लागते. जाणे, येणे, निघणे, पोहोचणे, जन्मणे, मरणे, राहणे यांसारखी काही अकर्मक क्रियापदे आणि सर्व आत्मवाचक क्रियापदे ‘एत्र’ घेतात. बाकीची बहुतेक सारी ‘आव्वार’ घेतात.

लिंगवचनाच्या नियमाने इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचकडे येणारा विद्यार्थी गोंधळतो. मराठी विद्यार्थ्याने गोंधळण्याचे कारण नाही. ‘एत्र’ असेल, तर धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलते, जसे मराठीत ‘तो आला असता’, ‘ती आली असती’. ‘आव्वार’ असेल, तर ते कर्त्याकडे पाहत नाही. मराठीतील ‘त्याने आंबा खाल्ला असता’, ‘त्याने पोळी खाल्ली असती’ या कर्मणी प्रयोगांप्रमाणे त्याचे लक्ष कर्माकडे असते. फरक इतकाच, की फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आले, तरच धातुसाधित बदलते. ‘त्याने लिहिलेली पत्रे’ अशा रचनेत ते बदलेल, ‘त्याने पत्रे लिहिली’ अशा रचनेत बदलणार नाही. हा बदल लिहिताना दिसतो, बोलताना बहुधा ऐकू येत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. टोपीवाल्या ‘फ्यू’पुढे ‘शिक्षा करणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे धातुसाधित दिसले, तर ते आपले रूप नव्हे. ते क्रियापद ‘आव्वार’ घेणारे असल्यामुळे तेथे साधा कर्मणी अर्थ आहे : ‘त्याला शिक्षा व्हावी’. ‘त्याला शिक्षा झाली असती’ असे म्हणायचे असेल, तर तीन शब्द लागतात : ‘यू एते प्यूनी’.

पहिला उपयोग : गौण वाक्यात

या रूपाची दोन स्वतंत्र कामे आहेत आणि भाषांतरातील बहुतेक चुका ही दोन्ही एकच मानल्यामुळे होतात.

पहिले काम गौण वाक्यातील आहे. मुख्य वाक्य भूतकाळात आहे, त्यात खेद, शंका, भीती किंवा अपेक्षा व्यक्त झाली आहे आणि गौण वाक्यातील घटना त्याच्याही आधीची आहे, अशा वेळी जुन्या नियमाप्रमाणे हे रूप येते. ‘इल रग्रेते केल फ्यू पार्ती’ या वाक्याचा अर्थ ‘ती निघून गेली होती, याचा त्याला खेद वाटत होता’ असा आहे. येथे ती खरोखर गेली आहे. सब्जंक्टिव्ह आला, तो तिच्या जाण्याविषयी शंका आहे म्हणून नव्हे, तर ते जाणे खेदाच्या नजरेतून सांगितले आहे म्हणून. ‘गेली असती’ असे भाषांतर केले, तर गेलेली बाई परत घरात येऊन बसते आणि कथानकच उलटते.

‘ब्यें क’, म्हणजे ‘जरी’, या अर्थाच्या उभयान्वयी अव्ययानंतरही हेच घडते. ‘ब्यें किल यू प्ल्यू’ म्हणजे ‘पाऊस पडून गेला होता, तरीही’. येथे पाऊस पडलेला आहे. ‘इल दूते केल फ्यू पार्ती’ या वाक्यात मात्र शंका आहे : ‘ती निघून गेली असावी, याविषयी तो साशंक होता’. येथे ती गेली की नाही, हे वाक्य सांगत नाही. ‘माझे संपण्याची तो वाट पाहत होता’ अशा वाक्यातही फ्रेंच लेखक हे रूप वापरी. कारण संपणे अजून व्हायचे असले, तरी त्याच्या पुढच्या कृतीच्या ते आधी पूर्ण व्हायचे असते.

दुसरा उपयोग : न घडलेल्या गोष्टी

दुसरे काम मुख्य वाक्यात आणि ‘सी’, म्हणजे ‘जर’, या शब्दानंतर दिसते. फ्रेंच व्याकरणकार याला ‘भूतकाळी संकेतार्थाचे दुसरे रूप’ असेही म्हणतात. ‘सिल यू प्ल्यू, ला रेकोल्त यू एते बोन’ म्हणजे ‘पाऊस पडला असता, तर पीक चांगले आले असते’.

आजच्या फ्रेंचमध्ये हे वाक्य वेगळे होते. ‘जर’च्या भागात साधा प्ल्यूस्कपार्फे (आवे) आणि ‘तर’च्या भागात संकेतार्थ (ओरे) अशी दोन निराळी रूपे येतात. जुन्या साहित्यिक फ्रेंचमध्ये मात्र दोन्ही भागांत एकच रूप चालते : इकडेही ‘यू’, तिकडेही ‘यू’. मराठीतही ‘पडला असता’ आणि ‘आले असते’ असे दोन्हीकडे ‘असणे’चे तेच रूप येते. या एका बाबतीत एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच गद्य आजच्या फ्रेंच बोलीपेक्षा मराठीच्या अधिक जवळचे आहे.

दोन्हीकडे हे रूप असलेच पाहिजे, असेही नाही. एका भागात जुने आणि दुसऱ्यात नवे अशी मिश्र रचनाही चालते. ब्लेझ पास्कालच्या मृत्यूनंतर 1670 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पांसे’ या ग्रंथात क्लिओपात्राच्या नाकाच्या लांबीवरून जगाच्या इतिहासाविषयी केलेले एक विधान आहे. त्यात ‘जर’च्या भागात हेच टोपीवाले रूप आहे, तर उरलेल्या भागात आजही वापरात असलेला साधा संकेतार्थ आहे.

‘जर’ नसतानाही हे रूप एकटे उभे राहू शकते. ‘ओं न्यू दी’ याचा शब्दशः अर्थ ‘कोणी म्हटले असते’ असा असला, तरी व्यवहारात तो ‘जणू’ असा होतो. फ्लोबेरच्या वर्णनांत तो वारंवार भेटतो. तेथे दर वेळी ‘कोणी म्हटले असते’ असे लिहिणारा भाषांतरकार मराठी वाचकाला अडखळायला लावतो. ‘जणू’ हा एक शब्द पुरतो. ‘की ल्यू क्र्यू?’, म्हणजे ‘कोणाला वाटले असते?’, हा उद्गार तर आजच्या बोलण्यातही थोड्या थट्टेने येतो. फ्रान्समधील ‘ल्यूस्त्यूक्र्यू’ या पास्ता-शेवयांच्या प्रसिद्ध ब्रँडचे नावही ‘तुला वाटले असते का?’ या अर्थाच्या फ्रेंच प्रश्नासारखेच ऐकू येते.

होती, असावी, असती

या दोन उपयोगांतून मराठी भाषांतरकारासमोर तीन पर्याय उभे राहतात : ‘गेली होती’, ‘गेली असावी’ आणि ‘गेली असती’. फ्रेंचमध्ये तिन्ही ठिकाणी एकच रूप असते. मराठीत मात्र घडलेले, अनिश्चित आणि न घडलेले यांतून एकाची निवड केल्यावाचून सुटका नाही.

निवडीसाठी एक साधी कसोटी आहे. टोपीवाल्या शब्दाच्या जागी आजचे रूप ठेवून पाहावे. तेथे ‘ओरे’ किंवा ‘सरे’ ही संकेतार्थी रूपे बसत असतील, अथवा आधी ‘जर’ या अर्थाचा ‘सी’ असेल, तर मराठीत ‘असता, असती, असते’ घ्यावे. तेथे ‘ए’ किंवा ‘स्वा’ ही आजची सब्जंक्टिव्ह रूपे बसत असतील, तर मुख्य क्रियापद पाहावे. ते खेदाचे किंवा आश्चर्याचे असेल, किंवा आधी ‘जरी’ असेल, तर ‘होती’ योग्य. ते शंकेचे असेल, तर ‘असावी’ योग्य.

केवळ ‘की’ या अर्थाचा ‘क’ दिसला म्हणून पहिला उपयोग गृहीत धरता येत नाही. ‘इल सावे केल यू रफ्यूझे’ या वाक्यात ‘क’ आहे. पण मुख्य क्रियापद ‘त्याला ठाऊक होते’ असे आहे आणि ठाऊक असण्याला सब्जंक्टिव्ह लागत नाही. म्हणजे येथे दुसराच उपयोग आहे : ‘तिने नकार दिला असता, हे त्याला ठाऊक होते’. प्रेमपत्रांनी भरलेल्या कादंबरीत ‘तिने नकार दिला होता’ आणि ‘तिने नकार दिला असता’ यांत केवढे अंतर आहे, हे सांगायला नको.

टोपीची कुळकथा

आता मूळ टोपीकडे वळू. टोपी नसलेले ‘यू’ आणि ‘फ्यू’ ही साध्या कथनात्मक भूतकाळाची रूपे आहेत. त्यांच्यापुढे धातुसाधित आले, की ‘सही करून झाल्यावर’ या अर्थाचा पूर्वभूतकाळ तयार होतो. तेथे क्रिया निश्चितपणे घडलेली असते. गोंधळात भर म्हणजे त्या काळात ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्या रूपांवर टोपी असते. म्हणून ‘टोपी म्हणजे सब्जंक्टिव्ह’ असे सरसकट सूत्र चालत नाही. टोपीचा निवाडा ‘तो’ आणि ‘ती’ यांच्यापुरताच ग्राह्य धरावा.

ही टोपी शोभेसाठी आलेली नाही. लॅटिनमधून आलेल्या या रूपात पूर्वी ‘एस’ हे अक्षर लिहिले जात असे. पुढे त्याचा उच्चार लोपला, तरी लेखनात ते टिकून राहिले. फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या 1740 मधील तिसऱ्या आवृत्तीने अशी अनेक मूक अक्षरे काढून टाकली आणि त्यांच्या जागी स्वरचिन्हे रूढ झाली. जंगल, इस्पितळ, बेट या अर्थांच्या फ्रेंच शब्दांवर टोपी दिसते आणि त्यांच्या इंग्रजी भावंडांत ‘एस’ अजून दिसतो, त्याचे कारण हेच. आपल्या रूपात तर हा ‘एस’ इतर पाचही ठिकाणी आजही ऐकू येतो : यूस, यूस्यों, यूस्ये. एकट्या तृतीय पुरुषी एकवचनात तो गेला आणि जाताना टोपी ठेवून गेला.

1990 मध्ये फ्रान्समध्ये शुद्धलेखन-सुधारणेच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या. त्यांत ‘आय’ आणि ‘यू’ या अक्षरांवरील टोपी बहुतेक शब्दांतून वगळण्यास मुभा देण्यात आली. मात्र अर्थभेद दाखवणाऱ्या काही मोजक्या शब्दांबरोबर या क्रियारूपांवरील टोपी कायम ठेवण्यात आली. 2016 मध्ये शालेय पुस्तकांत ही सुधारणा येणार असे समजताच फ्रान्समध्ये टोपीच्या बचावासाठी मोठा गदारोळ झाला. पण या रूपांच्या टोपीला त्या सुधारणेचा धक्का लागणारच नव्हता.

बोलीतून निवृत्ती

मग हे रूप बोलण्यातून का गेले? ते ज्या कथनात्मक भूतकाळाच्या धातुरूपावर उभे आहे, तो काळच बोलीतून नाहीसा झाला. आधार गेल्यावर त्यावरची इमारतही टिकली नाही. शिवाय ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांची लांबलचक रूपे कानाला अवजड आणि हास्यास्पद वाटू लागली. रोजच्या बोलण्यात सब्जंक्टिव्हचा वर्तमानकाळ आणि त्यावर बेतलेला साधा भूतकाळ एवढी दोनच रूपे पुरेशी ठरली.

सरकारी परीक्षांनीही हळूहळू हे मान्य केले. फेब्रुवारी 1901 च्या मंत्रालयीन आदेशाने काही वाक्यांत जुन्या भूतकाळी सब्जंक्टिव्हऐवजी वर्तमानकाळी रूप लिहिले, तरी चूक धरू नये, असे ठरवले. डिसेंबर 1976 च्या आदेशाने ती सवलत वाढवली. त्यानुसार विद्यार्थ्याने या पूर्वभूत रूपाऐवजी साधा भूतकाळी सब्जंक्टिव्ह वापरला, तरी गुण कापले जात नाहीत. लिहिण्याची सक्ती अशी संपली. वाचण्याची गरज मात्र संपली नाही. कारण आदेशाने उत्तरपत्रिका बदलतात, छापून झालेली पुस्तके बदलत नाहीत.

शेजारच्या पोर्तुगीजमध्ये नेमके उलटे घडले. तेथे ‘तिवेस’ आणि धातुसाधित मिळून होणारे हेच रूप आजही रोजच्या बोलण्यात आहे. फ्रेंच ‘यूस’ आणि पोर्तुगीज ‘तिवेस’ यांच्या शेवटी ऐकू येणारा ‘स’ एकाच लॅटिन प्रत्ययाचा वारसा आहे. गोव्यातील ज्या घरांत जुनी पिढी अजून पोर्तुगीज वाचते-बोलते, तेथील विद्यार्थ्याला फ्रेंच वर्गातील हे ‘मृत’ रूप आजी-आजोबांच्या तोंडच्या वाक्यात जिवंत सापडू शकते.

वाचकापुरते सांगायचे, तर हे रूप बोलू नये. बोलल्यास पॅरिसमध्ये लोक हसतील. ते परीक्षेत लिहायलाच हवे, असेही नाही. पण पास्काल, ह्यूगो, फ्लोबेर किंवा प्रूस्त यांच्या पानावर ते दिसले, की तेथे थांबावे, मधल्या अक्षराच्या डोक्याकडे पाहावे आणि मग ‘होती’, ‘असावी’ व ‘असती’ यांतून निवड करावी. कथेतली माणसे काय करून बसली आणि त्यांच्या हातून काय करायचे राहून गेले, हे कळणे पुष्कळदा त्या एका निवडीवर अवलंबून असते.